यवनांचीं देवळें व कार्ल्याचे खांब

ग्रीस देशाच्या इतिहासाचें पुस्तक उघडलें कीं विद्यार्थ्याच्या दृष्टीस प्रथम पडतें तें एखाद्या भग्न देवळाचें चित्र. उंच टेकडीवर उभे असलेले पांढरे खांब, त्यांवर आडव्या टाकलेल्या प्रचंड शिळा, आणि छप्पर नाहींसें झाल्यामुळें आंत उतरलेलें आकाश. विद्यार्थी तें चित्र क्षणभर पाहतो व पान उलटतो. कारण या दगडांशीं आपला कांहीं संबंध आहे असें त्यास वाटत नाहीं. डोरिक, आयोनिक व कॉरिंथियन हीं तीन नांवें तो पाठ करितो, आणि परीक्षा झाली म्हणजे विसरतो. आमच्या मतें यांत त्याचा दोष थोडा आहे. तीं देवळें त्याच्यापुढें परक्या शब्दांत मांडलीं जातात एवढेंच. वस्तुतः रत्नागिरी जिल्ह्यांतील ज्या मुलानें आपल्या गांवचें कौलारू देऊळ नीट पाहिलें आहे, त्याच्यापाशीं ग्रीक देवळाची एक किल्ली आधींच आहे. दुसरी किल्ली घाटमाथ्यावर, कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर कोरलेली आहे. या दोन किल्ल्या वाचकांच्या हातीं द्याव्या, आणि देवळें बांधणाऱ्यांचीं व जपणाऱ्यांचीं नांवें मागें कशीं राहतात याचा त्यांच्यासह थोडा विचार करावा, हा या लेखाचा हेतु आहे.

ग्रीक लोक देवळास 'नाओस' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याची जागा, असा आहे. आपला 'देऊळ' हा शब्दही 'देवकुल' या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ देवाचें घर असाच होतो. घर म्हटलें म्हणजे त्यास जोतें हवें, भिंती हव्या, ओसरी हवी व छप्पर हवें. ग्रीक देवळांत हें सर्व आहे. बहुधा तीन पायऱ्यांचें दगडी जोतें, त्यावर मध्यभागीं एक लांबट खोली, तिच्यांत देवतेची मूर्ति. हा झाला गाभारा. गाभाऱ्यापुढें दोन खांबांची लहानशी ओसरी, आणि पुष्कळदां मागील बाजूसही तशीच एक ओसरी. मोठ्या देवळास याशिवाय चारही बाजूंनीं खांबांची रांग असे. कोंकणांतील घरास जशी पडवी, तशी ही देवळाची पडवी होय. वर दोन बाजूंस उतरतें कौलारू छप्पर. कौलें भाजलेल्या मातीचीं असत, आणि फार श्रीमंत देवळावर संगमरवराचीं. दोन कौलांच्या सांध्यावर तिसरें कौल पालथें घालून पाणी अडविण्याची त्यांची रीति आपल्याकडील नळीच्या कौलांशीं पुष्कळ मिळती आहे. छपराच्या दोन उतारांमध्यें पुढच्या बाजूस भिंतीचा जो त्रिकोण राहतो तो आपण साधा ठेवितों. ग्रीक शिल्पकारांनीं तोच त्रिकोण मूर्तींनीं भरून टाकिला.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. आपल्या देवळांत सभामंडप असतो. तेथें कीर्तन होतें, पुराण होतें, गांव जमतो. ग्रीक देवळांत असा मंडप नसे. यज्ञाची वेदी देवळाच्या बाहेर, बहुधा पूर्वेच्या दारासमोर उघड्यावर असे. बलि तेथें अर्पण होत, लोक तेथें जमत, आणि उघड्या दारांतून आंतील मूर्ति जणूं तो सोहळा पाही. यामुळें ग्रीक शिल्पकारानें आपली सर्व कळा देवळाच्या बाह्यांगावर खर्च केली. जें शेंकडों लोक बाहेरून पाहणार, तें बाहेरून सुंदर असलें पाहिजे, हा त्याचा साधा हिशेब होता.

आतां लांकडाची गोष्ट. ग्रीसमधील सर्वांत जुनीं देवळें दगडाचीं नव्हतीं. कच्च्या विटांच्या भिंती, लांकडी खांब, लांकडी तुळया व वर छप्पर, असें त्यांचें रूप होतें. पुढें इ. स. पूर्वीं सातव्या व सहाव्या शतकांत लांकडाच्या जागीं दगड येऊं लागला. परंतु दगड आला तरी लांकडाचें रूप गेलें नाहीं. डोरिक देवळाच्या खांबांवर जी आडवी पट्टी असते तिच्यांत ठराविक अंतरावर तीन तीन उभ्या पट्ट्यांचे चौकोन कोरलेले दिसतात. ते म्हणजे, पुष्कळ पंडितांच्या मतें, जुन्या लांकडी तुळयांच्या बाहेर आलेल्या टोंकांची दगडांतील आठवण होय. त्यांच्या खालीं दगडाचे लहान लहान थेंब कोरलेले असतात. ते तुळई बसविण्यासाठीं ठोकलेल्या खुंट्यांची नक्कल मानिले जातात. दगडास खुंटीची गरज नाहीं. तरीही पाथरवटानें खुंटी कोरली. कारण त्याच्या बापानें व आजानें देऊळ म्हणून जें पाहिलें होतें त्यास खुंट्या होत्या.

याचें एक फार हृदयंगम उदाहरण ऑलिंपिया येथें आहे. ज्या ठिकाणीं दर चार वर्षांनीं ग्रीक लोकांचे प्रसिद्ध खेळ होत, तेथेंच इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमारास हीरा देवीचें देऊळ बांधण्यांत आलें. त्याचे खांब प्रथम लांकडी होते. एकेक खांब जीर्ण होई तसतसा तो काढून त्याच्या जागीं दगडी खांब बसवीत. हें काम अनेक पिढ्या चाललें. म्हणून त्या देवळाचे खांब एकमेकांसारखे नाहींत. कांहीं जाड, कांहीं बारीक, आणि प्रत्येकाचें शीर्ष ज्या त्या काळाच्या पद्धतीचें. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस नांवाचा प्रवासी तेथें गेला, तेव्हां मागील ओसरींत ओक वृक्षाचा एक खांब अद्याप उभा असलेला त्यानें पाहिला व आपल्या ग्रंथांत नमूद केला. सात शतकांहून अधिक काळ लोटला, राज्यें बदललीं, शेजारचे सर्व खांब दगडाचे झाले. परंतु तो एक खांब लोकांनीं काढिला नाहीं. हा खांब वाचकांनीं लक्षांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याची पुन्हां गरज पडणार आहे.

ग्रीक देवळें म्हणजे सर्व संगमरवराचीं, हीही एक चुकीची समजूत आहे. त्याच ऑलिंपियास झ्यूस देवाचें जें विशाल देऊळ इ. स. पूर्वीं ४५६ च्या सुमारास पुरें झालें, तें जवळपास मिळणाऱ्या, शिंपल्यांनीं भरलेल्या खडबडीत चुनखडी दगडाचें होतें. त्या दगडावर पांढरा गिलावा चढवून त्यास संगमरवराची कांति आणिली होती. आपला जांभा दगडही असाच सच्छिद्र व खडबडीत. खाणींतून निघतांना मऊ, हवा लागल्यावर कठीण; त्यावर बारीक नक्षी धरत नाहीं, म्हणून आपले लोक चुन्याचा गिलावा करितात. जवळ जो दगड मिळेल तो घ्यावा व त्याचें उणें गिलाव्यानें झांकावें, हें शहाणपण ऑलिंपियाच्या गवंड्यास व कोंकणच्या गवंड्यास सारखेंच सुचलें. शिवाय ग्रीक देवळें आज दिसतात तशीं कोरीं पांढरीं नव्हतीं. त्यांच्या वरच्या भागांवर निळा, तांबडा असे रंग दिलेले होते. ऊन, पाऊस व काळ यांनीं ते धुऊन नेले.

तीन पद्धतींचीं नांवें आतां अवघड वाटूं नयेत. खांबाकडे पाहिलें म्हणजे त्या ओळखतां येतात. डोरिक खांब धट्टाकट्टा. तो सरळ जोत्यावर उभा असतो, त्यास निराळी बैठक नसते, आणि त्याच्या डोक्यावर उशीसारखा एक गोल व त्यावर चौकोनी पाट असतो. आयोनिक खांब अधिक सडपातळ. त्यास खालीं बैठक असते आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंस गुंडाळलेल्या कागदासारखीं वळणें असतात. कॉरिंथियन खांबाच्या डोक्यावर कांटेरी वनस्पतीचीं पानें उमललेलीं असतात. तिन्हींच्या अंगावर वरपासून खालपर्यंत पन्हळी कोरलेल्या असतात. त्यांमुळें छाया व प्रकाश यांच्या उभ्या रेघा पडून जड दगड हलका भासतो.

या सर्व कळेचा कळस म्हणजे अथेन्स शहराच्या अक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन. अथीना देवीचें हें देऊळ इ. स. पूर्वीं ४४७ मध्यें आरंभिलें व मूर्तिकामासह ४३२ मध्यें पुरें झालें. पेरिक्लीझ हा त्या वेळीं अथेन्सचा पुढारी होता. इक्टिनस व कॅलिक्राटीझ हे स्थपति होते. आणि मूर्तिकाम फिडियस याच्या देखरेखीखालीं झालें. जोत्याच्या माथ्यावर मोजलें असतां देऊळ सुमारें २२८ फूट लांब व १०१ फूट रुंद आहे. समोर आठ व बाजूस सतरा, असे भोंवतालच्या रांगेंत एकंदर ४६ खांब; प्रत्येक सुमारें ३४ फूट उंच. संगमरवर पेंटेलिकस डोंगरावरून, सुमारें दहा मैलांवरून आणिला. दगडांच्या सांध्यांत चुना नाहीं. शिळा एकमेकींवर इतक्या घासून बसविल्या आहेत कीं सांधा दिसूं नये. त्या हलूं नयेत म्हणून लोखंडी पट्ट्यांनीं जखडल्या, आणि लोखंड गंजूं नये म्हणून प्रत्येक पट्टीभोंवतीं वितळलेलें शिसें ओतलें.

पार्थेनॉनचें खरें नवल त्याच्या आकारांत नसून त्याच्या रेषांत आहे. पाहणाऱ्यास जोतें सरळ दिसतें. परंतु तें सरळ नाहीं. लांब बाजूस तें मध्यभागीं चार इंचांहून थोडें अधिक व आंखूड बाजूस सुमारें अडीच इंच वर उचललेलें आहे. खांब उभे दिसतात. परंतु ते किंचित् आंत कललेले आहेत, इतके थोडे कीं ते तसेच वर वाढविले तर सुमारें दीड मैल उंचीवर एकमेकांस मिळतील. खांबाचा मधला भाग अगदीं थोडा फुगीर आहे. लांब सरळ रेषा डोळ्यास मध्यें खचल्यासारखी भासते व सरळ खांब मध्यें बारीक भासतो. हा दृष्टीचा भ्रम दूर व्हावा म्हणून ही योजना केली, असें सामान्यतः मानितात. कारण कांहींही असो, याचा अर्थ असा कीं त्या देवळांतील शेंकडों दगड एकसारखे ठोकून चालले नसते. प्रत्येकाचा कोन निराळा काढावा लागला. अशा कामास राजाची आज्ञा पुरत नाहीं. त्यास हातानें विचार करणारे कारागीर लागतात.

हे कारागीर कोण होते? सुदैवानें याचें उत्तर दगडावरच लिहिलेलें सांपडलें आहे. पार्थेनॉनच्या शेजारीं एरेक्थियम नांवाचें एक लहान पण अत्यंत नाजूक देऊळ आहे. सहा स्त्रीमूर्तींनीं डोक्यावर छत तोललेली त्याची ओसरी चित्रांत पुष्कळांनीं पाहिली असेल. इ. स. पूर्वीं ४०९ पासून पुढील कांहीं वर्षांत त्याचें काम पुरें करितांना जो खर्च झाला, त्याचा हिशेब अथेन्सच्या लोकांनीं शिळांवर कोरून ठेविला. कोणीं कोणतें काम केलें व त्यास काय दिलें, हें त्यांत आहे. त्यांतील ८६ कामकऱ्यांचा दर्जा ओळखतां येतो. त्यांपैकीं २४ अथेन्सचे नागरिक, ४२ तेथें येऊन राहिलेले परके, आणि २० दास होते. कुशल कामाचा दर बहुधा रोज एक द्राख्मा. आणि नागरिक, परका व दास यांच्या दरांत भेद केलेला नाहीं. स्थपतीस देखील तोच दर. यावरून त्या नगरांत सर्व समान होते असें कोणीं समजूं नये. परक्यास मताचा अधिकार नव्हता, आणि दासाचें वेतन बहुधा त्याच्या धन्याच्या पदरीं पडे. तथापि खांबाची पन्हळ नीट कोरली कीं नाहीं, एवढाच प्रश्न देवळाच्या कामावर विचारला गेला, आणि दासाच्याही श्रमाची नोंद दगडावर राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

कारागिराप्रमाणें दात्याचेंही नांव राही. आशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर इफिसस येथें आर्टेमिस देवीचें प्रचंड देऊळ इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांत उभें राहत होतें, तेव्हां त्याचे बहुतेक खांब लिडियाचा राजा क्रीसस यानें दिले, असें हिरोडोटस लिहितो. त्याच्या नांवाचे अवशेष असलेले खांबांच्या बैठकींचे तुकडे उत्खननांत मिळाले व ते आज लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. ध्यानांत घेण्यासारखें हें कीं क्रीसस हा ग्रीक नव्हता. परक्या राजानें ग्रीकांच्या देवीस खांब दिले, आणि ग्रीकांनीं ते आनंदानें उभे केले.

इफिसस ज्या प्रांतांत होतें त्याचें नांव आयोनिया. याच नांवावरून पूर्वेकडील लोक सर्व ग्रीकांस ओळखूं लागले, आणि त्यापासूनच प्राकृतांतील 'योन' व संस्कृतांतील 'यवन' हे शब्द आले. पुढें मराठींत हा शब्द निराळ्या अर्थानें रूढ झाला. या लेखांत मात्र त्याचा जुना अर्थच घेतला आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर वायव्य सरहद्दीवर यवनांचीं राज्यें झालीं. तक्षशिलेजवळ जंडियाल येथें मार्शल यांनीं १९१२-१३ मध्यें एक देऊळ उकरून काढिलें. त्याचे खांब आयोनिक पद्धतीचे आहेत. म्हणजे ग्रीक खांब हिंदभूमीवर उभा राहिला होता. परंतु महाराष्ट्रांत यवन आले ते दुसऱ्या वाटेनें व दुसऱ्या रीतीनें.

ती वाट समुद्राची होती. इ. स. च्या पहिल्या शतकांत कोणा एका व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहिलें. त्यांत कल्याण आहे, चौल आहे, आणि त्यांच्या दक्षिणेस मंदगोर म्हणून एक बंदर सांगितलें आहे, तें बाणकोटच्या खाडीमुखाजवळ असावें असें अनेक पंडित मानितात. कोंकणच्या बंदरांतून माल बोरघाटासारख्या वाटांनीं वर चढे. त्या वाटेवरच कार्ल्याचें लेणें आहे. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें, विशेषतः किनाऱ्यावरील कोळी लोक, एकवीरा आईच्या दर्शनास तेथें जातात. देवीचें मंदिर लेण्याच्या तोंडाशींच आहे. दर्शन झाल्यावर चार पावलें आंत जावें, म्हणजे या लेखांतील सर्व गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतील.

हें बौद्धांचें चैत्यगृह इ. स. च्या पहिल्या शतकाच्या सुमारास डोंगरांत कोरिलें. तें सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून उंचीही जवळजवळ तितकीच आहे. शेवटीं स्तूप, दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा नक्षीदार खांब, आणि स्तूपामागें सात साधे. आंत शिरतांच मान वर करावी. छत घोड्याच्या नालासारखें वांकवलेलें असून त्यास लांकडी वांसे बसविलेले आहेत. डोंगरांत कोरलेल्या छतास वांशांचा कांहींच आधार लागत नाहीं. परंतु चैत्यगृह म्हणून जें लोकांनीं पूर्वीं पाहिलें होतें तें लांकडाचें होतें. म्हणून दगडाच्या पोटांतही त्यांनीं लांकूड बसविलें. ग्रीक पाथरवटानें दगडांत खुंटी कोरली. आपल्या पाथरवटानें दगडाला खरेंच लांकूड जोडलें. दोघांची भावना एकच, कीं देवाचें घर ओळखीचें दिसावें. त्या वांशांपैकीं पुष्कळ अद्याप जागेवर आहेत.

आतां खांबांवरील अक्षरें. ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत तेथें अनेक दानलेख आहेत. वैजयंतीचा भूतपाल नांवाचा श्रेष्ठी सांगतो कीं जंबुद्वीपांतील हें सर्वोत्तम शैलगृह त्यानें पूर्णतेस नेलें. सोपाऱ्याचा सातिमित एक खांब देतो. धेनुकाकट गांवचा सामी नांवाचा सुतार आपण दार केल्याचें नोंदवितो, आणि त्याच गांवचा एक गंध विकणारा आपल्या दानाची नोंद ठेवितो. आणि याच रांगेंत, याच लिपींत, धेनुकाकटचे यवन आपले खांब देतात. एकाचें नांव सिहधय, दुसऱ्याचें धम. आणखीही कांहीं आहेत. यांतले सर्व जातीनें ग्रीकच होते कीं पश्चिमेकडून आलेल्या कोणासही यवन म्हणत, याविषयीं पंडितांत मतभेद आहे; नांवें तर त्यांनीं येथलींच घेतलेलीं दिसतात. पण ते स्वतःस यवन म्हणवीत होते, एवढें दगडावर स्वच्छ आहे. कार्ल्यापुरतीच ही गोष्ट नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं व चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त नांवाच्या योनकानें एक लेणेंच कोरविलें.

या यवनांनीं दिलेले खांब पाहावे. ते डोरिक नाहींत, आयोनिक नाहींत. पायऱ्यांवर ठेविलेला दगडी घट, त्यांतून वर आलेला अठपैलू खांब, त्यावर उलट्या कमळासारखें शीर्ष, आणि सर्वांत वर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेलीं माणसें. शेजारच्या दात्याचा खांब जसा, तसाच यवनाचा. आपल्या देशची खूण उठवावी असा हट्ट त्यानें धरिला नाहीं. आणि परक्याचा खांब मागच्या अंधारांत उभा करावा असें येथील लोकांसही वाटलें नाहीं. क्रीससानें इफिससला जें केलें, तेंच सिहधयानें कार्ल्यास केलें. एवढ्या मोठ्या छताखालीं कोणता खांब कोणाचा, हें अक्षरें वाचल्यावांचून ओळखतां येत नाहीं. पवित्र वास्तूचें याहून मोठें भूषण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपण घाट उतरून घरीं येऊं. आपल्या जिल्ह्यांतही पाहण्यासारखें थोडें नाहीं. दापोली तालुक्यांत कोटजाई नदीच्या कांठीं पन्हाळे काजी येथें २९ लेणीं आहेत. अलकनंदा व वरुणा यांच्या संगमावरील कसबा संगमेश्वर येथें कर्णेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. परंपरा तें कर्ण नांवाच्या चालुक्य राजाचें म्हणून सांगते. जांभ्याच्या मुलखांत हें काळ्या दगडाचें देऊळ एकाएकीं समोर आलें म्हणजे पाहणारा थबकतो. कोरीव खांब, खांबांवर तुळया व तुळयांवर छत, ही त्याची रचना मूळ तत्त्वांत पार्थेनॉनचीच. या पद्धतीच्या जुन्या दगडी देवळांत, ज्यांस लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, चुन्यावांचून सांधे बसविण्याची रीतिही तीच. आणि अशा नामांकित स्थळांखेरीज गांवोगांवचीं साधीं देवळें आहेतच. जांभ्याच्या भिंती, लांकडी कोरीव खांब, कौलारू छप्पर व अंगणांत दीपमाळ असलेलीं.

हीं सर्व वास्तुधनें काळ नष्ट करितो असें आपण म्हणतों. परंतु काळापेक्षां माणसाचा हात अधिक घातक असतो, हें पार्थेनॉनच्या इतिहासावरून दिसतें. तें देऊळ पुढें चर्च झालें, मग मशीद झालें, आणि दोन हजार वर्षांनंतरही बव्हंशीं उभें होतें. १६८७ सालीं व्हेनिसच्या सैन्यानें अथेन्सला वेढा दिला, तेव्हां तुर्कांनीं त्या देवळांत दारूगोळा सांठविला होता. २६ सप्टेंबर रोजीं त्यावर तोफेचा गोळा पडून स्फोट झाला आणि मधला भाग उडून गेला. १८०१ पासून लॉर्ड एल्जिन याच्या माणसांनीं उरलेल्या मूर्तींपैकीं पुष्कळशा काढून विलायतेस नेल्या. १८१६ सालीं त्या ब्रिटिश सरकारनें विकत घेतल्या, आणि ग्रीस देश त्या परत मागत आला आहे. सद्धेतूनेंही हानि होते. पुढें दुरुस्ती करणाऱ्यांनीं शिळा जोडण्यासाठीं लोखंड वापरलें, पण जुन्या कारागिरांप्रमाणें त्यावर शिसें ओतलें नाहीं. लोखंड गंजून फुगलें व त्यानें संगमरवर फोडला. १९७५ पासून नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळास तें लोखंड काढून टायटॅनियम धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पूर्वजांनीं शिसें कां ओतलें हें विचारल्यावांचून त्यांच्या इमारतीस हात लावूं नये, हा त्यांतील धडा आहे.

दुसरी हानि लहान आहे, पण ती विद्यार्थ्यांच्या हातून घडते म्हणून तिचा स्पष्ट उल्लेख करणें प्राप्त आहे. सहलीस गेलेले कित्येक जण खिळ्यानें किंवा कोळशानें भिंतीवर आपलें नांव लिहून येतात. हा रोग जुना व सर्व देशांत पसरलेला आहे. ग्रीसमध्यें सौनियन येथील देवळाच्या एका खांबावर कोरलेलें नांव कवि बायरन याचें म्हणून दाखवितात. परंतु मोठ्या माणसानें केलें म्हणून तें शोभतें असें नाहीं. आपल्याकडे १९०४ च्या कायद्यानें व पुढें १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्मारक विद्रूप करणें हा गुन्हा ठरविला असून, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पण शिक्षेच्या भयापेक्षां एक साधा विचार पुरे व्हावा. कार्ल्याच्या खांबावर सिहधयाचेंही नांव आहे. त्यानें खांब दिला, आणि मग नांव लिहिलें. ज्यानें कांहींच दिलें नाहीं त्यानें दुसऱ्याच्या खांबावर नांव लिहिणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर आपला सातबारा मागणें होय.

मग विद्यार्थ्यानें काय द्यावें? त्याच्यापाशीं खांब देण्याइतकें द्रव्य नाहीं, परंतु डोळे आहेत, हात आहेत व वही आहे. आज कोंकणांत गांवोगांव देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत. वाळवीनें खाल्लेलें लांकूड बदलावें लागतें, गळकें छप्पर काढावें लागतें, हें खरें; आणि गांवकरी श्रद्धेनें पैसा उभा करितात याविषयीं आदरच वाटला पाहिजे. परंतु पुष्कळदां जुना सभामंडप एका दिवसांत उतरविला जातो, कोरीव खांब जळाऊ लांकडांच्या भावानें जातात, आणि सिमेंटचा नवा मंडप उभा राहतो तेव्हां जुन्याची एक रेघही कोठें राहत नाहीं. असें काम निघण्यापूर्वीं तेथील मुलांनीं एवढें करावें. दोरी व फूटपट्टी घेऊन देवळाची लांबी, रुंदी मोजावी. खांब किती, कोणत्या लांकडाचे, त्यांवर काय कोरलें आहे, हें लिहावें. छायाचित्र घ्यावें, तें नसेल तर साधें चित्र काढावें. दगडावर अक्षरें असतील तर तीं न घासतां, न रंगवितां उतरून घ्यावीं. आणि गांवांतील वृद्ध सुतारास विचारून खांब कोणी केले तें त्याचें नांवही टिपून ठेवावें. ही वही शाळेच्या पुस्तकालयांत राहिली तर पन्नास वर्षांनीं तिची किंमत कळेल.

पालकांस आमची विनंति याहून थोडी अधिक आहे. देवळाच्या सभेंत त्यांच्या शब्दास वजन असतें. जीर्णोद्धाराचा ठराव होईल त्या वेळीं त्यांनीं एक सूचना अवश्य मांडावी. ऑलिंपियाच्या लोकांनीं सगळे खांब दगडाचे केले आणि ओकाचा एक ठेविला. त्या एका खांबामुळें आपलें देऊळ प्रथम कसें होतें हें सात शतकांनंतर आलेल्या अनोळखी प्रवाशासही कळलें. आपणही मंडप नवा करावा, भिंती पक्क्या कराव्या, आणि जुन्या खांबांतला निदान एक चांगला खांब, वाळवीपासून जपून, नव्या मंडपांत उभा ठेवावा.